शोभेल असा जबडा

"अहो सिस्टर, माझ्या रेवतीचं पोट असह्य दुखतंय. आधी तिला घ्या ना!" कुमुदताई कळवळून म्हणाल्या.

सिस्टरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. दारावरचा कॅमेरा पेशंटचा चेहरा वाचून वेदना ठरवायचा आणि त्याप्रमाणे नंबर लावायचा. रेवतीचा नंबर शेवटचा होता.

"काकू, पेशंट प्रसन्न आहे म्हणतोय तो. मला नंबर बदलता येत नाही."

बाकावर पोट आवळून बसलेली रेवती घामाने भिजली होती, पण चेहरा हसरा होता. रुंद जबड्यामुळे मुलगी रागीट दिसते, असं सांगून स्थळं परत जायची, तेव्हा कुमुदताईंनीच तिचा जबडा कोरून घेतला होता. डॉक्टरांनी दाखवलेल्या नमुन्यांतली सदा हसरी ठेवण त्यांनी पसंत केली. "हीच शोभेल हिला," त्या म्हणाल्या होत्या. रेवतीला कुणी विचारलं नव्हतं.

"आई, आता नाही गं सहन होत," असं पुटपुटत रेवती बाकावरच आडवी झाली.

कुमुदताई कॅमेऱ्यासमोर धावल्या. "मेल्या, नीट बघ की तिच्याकडे!" ओरडता ओरडता त्यांना रडू फुटलं.

लगेच लाल दिवा लागला. आतून दोन वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन आले आणि त्यांनी कुमुदताईंनाच तिच्यात बसवलं.

"अरे मला नाही, तिला न्या!"

"शांत व्हा काकू, तुम्हाला फार त्रास होतोय," म्हणत त्यांनी खुर्ची आत ढकलली.

कुमुदताईंनी मान वळवून पाहिलं. रेवती बाकावर निपचित पडली होती. तिचा चेहरा बघून कुणीही म्हटलं असतं, पोरगी सुखात आहे.