गुंड्याचं तोंड

फुग्याला पीळ देण्याआधी थोडी हवा सोडायची असते, हेच हेमांगी घाईत विसरली. तिचा हा पहिलाच कार्यक्रम. फुग्याच्या कुत्र्याचे कान वळता वळता फुगा फाट्‌कन फुटला.

पोरं खिदळली. जिचा वाढदिवस होता त्या मुलीनं मात्र दोन्ही हातांनी डोकं झाकलं. केकपाशी उभ्या असलेल्या तिच्या आईनंही, अगदी तसंच.

"उगाच दचकतात दोघी," मुलीचे बाबा सोफ्यावरून हसत म्हणाले. "चालू द्या तुमचं, मॅडम."

वेळ मारून न्यायला हेमांगीनं हातावर गुंड्या नावाचा बाहुला चढवला. आल्या आल्या त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "कोण रे तो फुगा फोडणारा? समोर ये, बघतोच तुला!" पोरांनी घर डोक्यावर घेतलं. बाबांचं हसू मावळलं. ते उठले, तशी आई मुकाट्यानं खिडक्या लावू लागली.

मुलगी धावत पुढे आली आणि तिनं गुंड्याचं तोंड गच्च दाबून धरलं.

"गप्प बस ना," ती बाहुल्याच्या कानात कुजबुजली. "गप्प बसलं की कमी मारतात."