दुसरी पिशवी

पोटावर चिकटवलेल्या तपासणीच्या पट्टीने सहाव्याच आठवड्यात दाखवलं, की शर्वरीचा एक गर्भ पिशवीत आहे आणि दुसरा नळीत. नळी फुटली तर तिघांच्याही जिवावर बेतणार होतं.

"नळीतला दुसऱ्या बाईच्या पिशवीत हलवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण दोन तासांत."

शर्वरीला खाटेवर बसवेना. सोबत फक्त धाकटी जाऊ केतकी होती, आणि तिला मूल नको होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्यात ठेवा," केतकीच म्हणाली. "नऊ महिने भरेपर्यंत सांभाळते, ताई. पुढे तुमचं तुम्ही बघा."

गर्भ हलवून झाल्यावर दुपारी दोघींच्या पडद्यांवर एकेक ठोका उमटला. केतकी आपल्या पडद्यावरून नजर हलवेना. "नऊ महिने भरले की देशील ना गं मला?" शर्वरीने तिला विचारलं.