पंचविसावं नाव

१९७१. सोनपेठच्या सभेत खासदारसाहेब लाल झेंड्याखाली गरजले, "गायरान कसणाऱ्याचं!" सत्याग्रहींच्या यादीत पंचवीस नावं हवी होती, भरली चोवीसच. लिंबाजीनं हळूच आपल्या मेलेल्या बापाचं, आश्रुबाचं, नाव सांगितलं. साहेबांनी हसत लिहून घेतलं. "हे तुझ्यामाझ्यातच राहू दे," म्हणाले, आणि यादी स्वतःच्या झोळीत घातली.

१९७६. आणीबाणी. साहेब सत्ताधारी पक्षात गेले. पुढच्या पंधरा दिवसांत सत्याग्रहातले नऊजण पोलिसांनी उचलले, बाकीचे गोदाकाठच्या उसात लपले. नावं कुणी दिली? लिंबाजीचा संशय आधी पाटलाच्या किशनरावावर गेला, मग शाळेच्या मास्तरावर, मग सख्ख्या मेव्हण्यावर. साहेबांना मात्र त्यानं संशयाचा वारासुद्धा लागू दिला नाही.

भाकरी घेऊन आलेल्या बायकोला, केशरबाईला, तो म्हणाला, "साहेबांनी झेंडा बदललाय, काळीज न्हाई. समदे कुठं लपलेत ते त्यांना सांगून येतो. तेच वाचवतील." त्यानं वहाणा पायात सरकवल्या.

"जा, पण जपून. सकाळीच फौजदार यादी घेऊन आलता." केशरबाई तोंडाला पदर लावून हसली. "तुमच्यासंगं मामंजींना बी हुडकायलेत. 'आश्रुबा कुठं लपलाय, बोल,' म्हणं. येडे कुठले! मेलेल्याला बी सोडनात."



लिंबाजीनं वहाणा काढल्या आणि तो उसात आणखी आत सरकला.