रटाळ नावाडी

परीक्षण पाठवलं की गेम तासाभरात स्वतःला सुधारून घ्यायचे, म्हणून परीक्षक वनमालाताई दोष लिहिताना हात आखडता घेत. नदीवरचा हा नवा गेम तसा बेताचाच होता. झाडं पुठ्ठ्याची वाटत, लढाया कंटाळवाण्या. पण त्यातला म्हातारा नावाडी वल्हवता वल्हवता सुनेच्या हातच्या पिठल्याचं कौतुक सांगत बसे, आणि ताईंचा त्याच्यावर जीव जडला होता.

"अगं आई, किती रटाळ आहे हा! दोषांत घाल," लेक केतकी म्हणाली.

"घातला तर उद्या दिसायचा नाही बिचारा." ताईंनी गुणांत त्याचं तोंडभरून कौतुक लिहिलं आणि परीक्षण पाठवून दिलं.

तासाभरानं केतकी ओरडली, "आई, शत्रूचा सेनापती तलवार ठेवून जावयाची गाऱ्हाणी सांगतोय!"

"मग कसली लढाई होतेय आता!" म्हणत ताई खुर्ची ओढून ऐकायला बसल्या.