तोंडाएवढा फोटो

“नखाएवढा नको. त्याचं तोंड जेवढं होतं तेवढाच काढून द्या,” आई म्हणाली.

फोटोवालीने पडद्यावरचा फोटो पुन्हा पाहिला. बोटीच्या कठड्याला टेकलेली दहा-पंधरा पोरं, आणि मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारा यांचा मुलगा. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. मिसरूड फुटल्यापासून तो कोणाला फोटो काढू देत नसे, त्यामुळे मोठेपणीचा असा हा एकच. मूळ फोटो त्याच्या फोनमध्ये होता आणि फोन त्याच्याबरोबर पाण्यात गेला. हा मित्राकडून मित्राकडे, या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत झिजलेला.

“काकू, फोटोत जेवढे ठिपके आले तेवढेच. ठिपका मोठा करता येतो, नवा कुठून आणू? कापड तेवढंच राहतं. ताणलं की विरतं.”

“ताणून तर बघा,” बाबा म्हणाले. सकाळपासून ते असेच बोलत होते, बिघडलेला पंखा दुरुस्तीला आणल्यासारखे. न रडण्याचा त्यांनी जणू विडाच उचलला होता.

फोटोवालीला नाही म्हणवेना. तिने एक कळ दाबली. संगणकाने परीक्षेतल्या पोरासारख्या गाळलेल्या जागा भरायला घेतल्या, आणि बघता बघता एक चेहरा पडद्यावर उजळला. दाट पापण्या, सरळ नाक, ओळीत बसवलेले दात.

“छान आलाय,” बाबा म्हणाले.

“छान आहे,” आई म्हणाली. “पण कोणाचा आहे?”

बाबांनी मान खाली घातली. त्यांनाही तो ओळखू आला नव्हता.

फोटोवालीने ते सगळं पुसलं आणि आहे तोच दाणा ताणत ताणत खऱ्या तोंडाएवढा केला. पडद्यावर नुसते चौकोन. काही करडे, काही तपकिरी, त्यात दोन काळपट. डोळे म्हणायचे तर म्हणावेत. बाबांनी चष्मा पुसला, नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ नेलं. आईला ते बघवेना. ती उठली आणि बोळासारख्या लांबट दुकानातून थेट दारापर्यंत गेली. बाहेर पडताना तिने एकदा मागे वळून पाहिलं.

“अहो.” तिचा आवाज तिचा राहिला नव्हता. “अहो, इकडे या. तिथून नका बघू.”

बाबा कुरकुरत गेले, वळले. चौकोन कुठेच नव्हते. तो होता. मान जराशी तिरकी, आणि हसू ओठाच्या एकाच कोपऱ्यात, बोलणी खाताना असायचं तसं.

“अरे ठोंब्या,” बाबा म्हणाले आणि भर दुकानात त्यांना रडू फुटलं. डोळे न पुसताच ते पुढे निघाले. अर्ध्या वाटेत चेहऱ्याचे पुन्हा तुकडे पडू लागले, तेव्हा गडबडून थांबले आणि पावलापावलाने मागे आले. आईने त्यांचा हात धरून ठेवला.

फोटोवालीने हळूच विचारलं, “मग हाच काढू का? एवढाच मोठा?”

“अगं, पण आपलं घर म्हणजे एक खोली,” बाबा आईला म्हणाले. “इतक्या लांबून कुठून बघायचा त्याला?”

आईने पडद्यावरची नजर काढली नाही.

“दार उघडं ठेवू,” ती म्हणाली. “जिन्यातून दिसेल.”