जेटीवरचा हिरवा दिवा

वादळाच्या डोळ्याभोवती विजा वाढल्या की वादळ पिसाळणार, हे आता बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रत्येक होडीच्या डोलकाठीवर विजा मोजणारी डबी असायची. समुद्रातल्या साऱ्या डब्यांचे आकडे जमले की जेटीवरचा दिवा आपोआप लाल नाहीतर हिरवा व्हायचा.

सकाळी दिवा लाल झाला, तशा चाळीसही होड्या परतल्या. रोजच्या शिरस्त्याप्रमाणे इंदू कुबलने डब्या उतरवून घेतल्या, बंद केल्या, त्यांच्यावरचं मीठ पुसलं आणि कपाटात ओळीने मांडल्या.

दुपारी दिवा हिरवा झाला.

"आये, वादळ नरम पडला. जाळी थंयच रवली हत, घेवन येतंय," म्हणत तिच्या रत्नाकरने आपली डबी उचलली आणि एकट्यानेच होडी सोडली.

होडी दिसेनाशी झाली. कपाट लावताना इंदूचा हात थबकला. आत एकोणचाळीस डब्या मुक्या बसल्या होत्या. समुद्रात एकही डबी नव्हती, मग विजा मोजल्या कोणी?

तिने वायरलेसकडे धाव घेतली. "रत्नाकरा, मागे फिर रे!" नुसती खरखर आली.

तासाभराने दिवा लाल झाला. जेटीवर हलकल्लोळ माजला, पण इंदूला धीर आला. लाल म्हणजे त्याची डबी मोजत होती. म्हणजे तो होता. ती त्या लाल उजेडाला हात जोडून बसली.

पाच वाजता दिवा हिरवा झाला.