सांभाळायला दिलेला कागद

पडद्यावर अंगूरीचा कागद आला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. वेठबिगारीतून मुक्तता झाल्याचा सरकारी दाखला. नाव, फरीदाबादच्या दगडखाणीचा पत्ता आणि खाली अंगठा. पडद्यावर तो दाराएवढा दिसत होता.

व्यासपीठावर सूर्यकांत उभे होते. केंद्र सरकारातली नोकरी सांभाळून, एकेक रविवार खाणींवर घालवून त्यांनी दोनशे माणसं सोडवली होती. आज त्याबद्दल मानवाधिकारांचा पुरस्कार. माणूस खरंच चांगला. आज जरा रंगात आला होता, इतकंच.

"ही माझी पहिली केस," असं हिंदीत सांगून त्यांनी तिसऱ्या रांगेकडे हात केला. "अंगूरी, खड़ी हो जाओ!"

ती उभी राहिली. शेजारी तिची मुलगी, पलीकडे मुलीचे होणारे सासू-सासरे. साखरपुडा आठवड्यावर आलेला. साहेबांनी खास बोलावलंय, म्हणून तीच त्यांना मोठ्या तोऱ्यात घेऊन आली होती. सासरा पडदा सावकाश वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने बायकोला खूण केली. टाळ्या संपायच्या आत दोघं उठून गेली.

चहाच्या वेळी सूर्यकांतांच्या बायकोने, मीनाक्षीने, त्यांना हळूच विचारलं, "अहो, दाखला दाखवायच्या आधी तिला विचारलं होतंत ना?"

"त्यात काय विचारायचं? गौरवच की तिचा," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना त्या दोन रिकाम्या खुर्च्या दिसल्या. मुलगी मान खाली घालून बसली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खांद्यावरची शाल काढून ते तिच्याजवळ गेले. "अंगूरी, मैं उनके घर जाता हूँ. समझाता हूँ."

"क्या समझाओगे, साहब?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. दाखला हातात पडला त्याच दिवशी तिने तो त्यांच्याकडे ठेवायला दिला होता. घरात कुणी बघायला नको म्हणून. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांनी त्याला एक सुरकुतीही पडू दिली नव्हती.

तिने मुलीला उठवलं. पडदा अजून चालूच होता. तिने एकदा तिकडे पाहिलं आणि उजव्या हाताचा अंगठा मुठीत धरला.

"बीस बरस बहुत सँभाला आपने, साहब," ती म्हणाली.